‘नवी फौज’ म्हातारी कशी झाली

२०२० च्या टाळेबंदीत आमच्या मोहल्ल्यात दोन गोष्टी घरोघरी पोहोचल्या. एक काढा आणि दुसरी ‘एर्तुग्रुल’. तुर्की मालिका, उर्दू डबिंग, मोबाइलवर फुकट. इशाच्या नमाजनंतर घराघरांतून घोड्यांच्या टापा ऐकू यायच्या. शाळा पुन्हा सुरू झाल्या तेव्हा माझ्या नववीच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांच्या व्हॉट्सअॅपवर स्वतःच्या फोटोऐवजी तलवार उपसलेला तुर्की सरदार होता. त्यातल्याच एकाने मला विचारलं, “सर, इतके बहाद्दर होते, तर मग हरले कशे?” ‘कशे’ नव्हे ‘कसे’, हे मी त्याला सांगितलं. मी मराठीचाही शिक्षक आहे. प्रश्न मात्र चोख होता. मालिका जिथे संपते तिथून तो सुरू होत होता.

या प्रश्नाची दोन उत्तरं आपल्याकडे तयार मिळतात. पहिलं आपल्या माणसांकडून येतं. दीन सोडला, ऐषआरामात पडले, म्हणून गेले. दुसरं शाळेच्या स्टाफरूममध्ये, चहा पिता पिता, अगदी आपुलकीने दिलं जातं. तुमच्या धर्मात नवं काही चालत नाही ना, मौलवी लोक फतवे काढतात, म्हणून मागे राहिलात. ही दोन उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण ती सख्खी भावंडं आहेत. दोघांनाही फौजेचा पगार किती होता, तोफ कोण ओतत होतं, सुलतानाच्या खजिन्यात काय शिल्लक होतं, हे बघायचं नाही. माणूस मुसलमान असला की त्याच्या हरण्या-जिंकण्याचं कारण इस्लाममध्येच सापडणार, यावर दोघांचंही एकमत आहे.

मी उस्मानी साम्राज्याच्या एकाच फौजेबद्दल जमेल तसं वाचत गेलो. इंग्रजीत तिला ‘जॅनिसरी’ म्हणतात. मूळ तुर्की शब्द ‘यनी चेरी’. यनी म्हणजे नवी, चेरी म्हणजे फौज. चौदाव्या शतकात ती उभी राहिली तेव्हा खरोखरच नवी होती. युरोपात तेव्हा राजे युद्धापुरते सरदार गोळा करायचे आणि पाऊस लागला की सगळे घरी. इथे मात्र बारा महिने पगार घेणारं, बराकीत राहणारं, थेट सुलतानाला बांधलेलं पायदळ होतं.

ते कुठून यायचं हेही सांगायला हवं, कारण मालिकावाले ते सांगत नाहीत. बाल्कन भागातल्या ख्रिस्ती गावांतून मुलं जबरदस्तीने उचलली जायची, त्यांना मुसलमान करून, तुर्की शिकवून वाढवलं जायचं. याला ‘देवशिर्मे’ म्हणत. त्यातला हुशार मुलगा वजीरसुद्धा होऊ शकत असे आणि झालेही. म्हणून काही लोक या पद्धतीचं कौतुक करतात. मला ते जमत नाही. शरीयतने ज्यांना संरक्षण दिलं त्या रयतेचं मूल आईच्या हातून ओढून नेणं, त्याला पुढे कितीही मोठी पगडी मिळो, मला कौतुकाचं वाटत नाही.

पण शिकण्याची त्यांची भूक पाहून थक्क व्हायला होतं. १४५३ साली कॉन्स्टँटिनोपलची तटबंदी फोडणारी प्रचंड तोफ ओतली ती ओर्बान नावाच्या हंगेरियन कारागिराने. तो आधी शहरातल्या बादशहाकडेच गेला होता. बादशहाला त्याचा पगार परवडला नाही, म्हणून तो सुलतान मेहमेदकडे आला. सुलतानाने त्याला धर्म विचारला नाही, तोफ केवढी होईल ते विचारलं.

त्याहून मला आवडते ती गाड्यांची गोष्ट. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशात, हुस नावाच्या धर्मसुधारकाच्या अनुयायांनी चिलखती घोडेस्वारांविरुद्ध एक युक्ती काढली. शेतमालाच्या गाड्या साखळीने एकमेकींना जोडायच्या, मागे बंदुका आणि छोट्या तोफा ठेवायच्या आणि घोडे अंगावर येऊ द्यायचे. ही युक्ती हंगेरीच्या हुन्यादीने उचलली आणि १४४३-४४ च्या मोहिमेत तुर्कांवर वापरली. तुर्कांनी तिचा मार खाल्ला आणि तीच युक्ती आत्मसात केली. नावसुद्धा हंगेरियनच ठेवलं, ‘ताबूर’. पुढे १५१४ मध्ये चालदिरानच्या मैदानावर इराणच्या शाह इस्माईलचे स्वार, ज्यांचा शाहवर दैवी श्रद्धेइतका विश्वास होता, या गाड्या आणि तोफांपुढे कापले गेले. इराणी त्यातून शिकले. आणि १५२६ च्या एप्रिलमध्ये बाबराने पानिपतावर गाड्या चामड्याच्या दोरांनी बांधून रांग उभी केली. तो स्वतः ‘बाबरनाम्या’त या रचनेला ‘रूमी’ पद्धत म्हणतो. रूम म्हणजे उस्मानी तुर्कांचा मुलूख. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मोहाचच्या मैदानावर सुलतान सुलेमानच्या साखळीने बांधलेल्या तोफांमागून यनी चेरींनी हंगेरीचं राज्य संपवलं. एकाच वर्षात, हजारो मैलांच्या अंतरावर, दोन लढाया, आणि दोन्हींत बोहेमियाच्या शेतकऱ्यांची अक्कल कामाला आलेली. पानिपत हे नाव ऐकलं की आपल्याला १७६१ च आठवतं, म्हणून हे जरा लांबवून सांगितलं.

हा ‘रूमी’ आपल्यापर्यंतही आला. विजापूरच्या बुरुजावर जी ‘मलिक-ए-मैदान’ तोफ आहे, जिच्या तोंडाशी हत्ती गिळणारा सिंह कोरला आहे, ती ओतली गेली अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, १५४९ साली. ओतणारा उस्ताद मुहम्मद, आणि नावापुढे ‘रूमी’. ‘तोफ’ हा शब्दच तुर्की ‘तोप’पासून आलेला. ज्या ‘उर्दू’वर माझं पोट चालतं तोही तुर्कीच, अर्थ लष्कराची छावणी. मुलांना मी हे सांगतो तेव्हा त्यांना गंमत वाटते. त्यांच्या आज्ज्या रोज जी भाषा बोलतात तिच्या नावात तंबू ठोकलेले आहेत.

आता न शिकणाऱ्यांकडे. ते तुर्कांसमोरच उभे होते, इजिप्तचे मामलूक. हेही गुलाम म्हणून विकत आणलेले, पण घोड्यावरचे. १२६० मध्ये ऐन जालूतला मंगोलांना थोपवलं ते यांनीच, आणि त्याचा अभिमान अडीचशे वर्षं पुरला. घोडा, भाला, धनुष्य हे त्यांचं हत्यारही होतं आणि ओळखही.

मामलूकांनी तोफ पाहिलीच नव्हती असं मात्र समजू नका. त्यांचा शेवटून दुसरा सुलतान कानसूह अल्-गौरी कैरोत तोफा ओतवत होता. त्याच्या आरमाराने १५०८ साली आपल्या कोकणात, चौलच्या बंदरात, गुजरातच्या मलिक अयाझच्या मदतीने पोर्तुगीजांना हरवलं होतं. पुढच्या वर्षी दीवला पोर्तुगीजांनी त्याचं उट्टं काढलं, ते वेगळं. याच गौरीने बंदूकवाल्यांची एक नवी तुकडी उभी केली. तिला ‘पाचवी’ म्हणत. तिच्यात कोण होते? मामलूकांची मुलं, ज्यांना बापाची जागा मिळत नसे, तुर्कमान, इराणी, कारागीर. पगार कमी, मान त्याहून कमी. खरे मामलूक घोड्यावरून उतरायला तयार नव्हते, कारण उतरले की ते आणि तो बंदूकवाला चांभार एका रांगेत. बंदूक समुद्रावर चालेल, किल्ल्यावर चालेल, हलक्या माणसाच्या हातात चालेल. मैदानावर, आपल्या हातात नाही.

ऑगस्ट १५१६, मर्ज दाबिक. गौरी मैदानातच मेला. जानेवारी १५१७, कैरोबाहेर रैदानिया. नवा सुलतान तूमान बेने घाईने तोफांची रांग उभी केली, पण तोफा जमिनीत रोवलेल्या. तुर्क बाजूने वळून आले आणि तोफांची तोंडं रिकाम्या वाळवंटाकडे राहिली. एप्रिलमध्ये कैरोच्या बाब जुवेला दरवाजावर तूमान बेला फाशी दिलं. इब्न झुंबुल नावाच्या इजिप्शियन लेखकाने एका पकडलेल्या मामलूक सरदाराचं आणि सुलतान सलीमचं संभाषण लिहून ठेवलं आहे. सरदाराची तक्रार अशी की तुम्ही फिरंग्यांचं असलं हत्यार आणलंत जे एखादी बाईसुद्धा चालवून मर्दांना पाडेल. तो तेव्हा धर्माचा दाखला देतो, पैगंबरांच्या सुन्नतीचा. सलीमही मुसलमान, आणि मक्का-मदिनेचा खादिम म्हणवून घेणारा. दोघांचा दीन एक. म्हणून मी म्हणतो की स्टाफरूमचं उत्तर इथेच पडतं. मशिदीच्या पायरीवरचंही पडतं, कारण ज्यांनी काबा-मदिना अडीचशे वर्षं सांभाळलं ते मामलूक काही बेदीन नव्हते.

मामलूकांना गाडून तुर्क पुढे गेले, आणि पुढच्या दीडशे वर्षांत यनी चेरी हळूहळू मामलूकांसारखेच होत गेले. हे कसं झालं ते मला सगळ्यात जास्त बघायचं होतं.

सुलेमानच्या काळात, १५२७ च्या सुमारास, यनी चेरी ८ हजारांच्या आत होते. १६०९ मध्ये हा आकडा ३७ हजारांच्या वर गेला. का? कारण ते शिकतच होते. १५९३ ते १६०६ हॅब्सबर्गशी हंगेरीत लांबलचक युद्ध चाललं. तिथल्या जर्मन बंदूकधाऱ्यांपुढे स्वारांचा उपयोग होईना, बंदूकवाले हवे होते. म्हणून भरती वाढवली. १६०५ च्या मोहिमेच्या वर्णनात यनी चेरी रांगा करून आळीपाळीने बार काढताना दिसतात, म्हणजे युरोपात जी सर्वांत नवी कवायत समजली जात होती तीच. रणांगणावर ते मागे नव्हते. पण इतके पगार द्यायचे कुठून?

इथे खजिन्याची गोष्ट येते. १५८५ च्या सुमारास सरकारने चांदीच्या ‘आकचे’ नाण्यातली चांदी जवळपास निम्मी केली. शिपायाच्या हातात आकचे तेवढेच, बाजारात किंमत अर्धी. १५८९ मध्ये यनी चेरी राजवाड्यावर चालून गेले, या कामाला जबाबदार म्हणून रुमेलियाच्या सुभेदाराचं डोकं मागितलं, आणि ते त्यांना मिळालं. दोन धडे एकदम शिकले. एक, नुसत्या पगारावर घर चालणार नाही. दोन, गर्दी करून मागितलं तर मिळतं.

मग ते दुकानं टाकू लागले. पूर्वी त्यांना लग्नाची मनाई होती, ती सुटली. मुलं झाली, त्यांना फौजेत जागा हवी. देवशिर्मे हळूहळू बंद पडलं, ते एका अर्थी बरंच झालं. पण त्याच्या जागी भरतीची दुसरी शिस्त आली नाही. कसाई, न्हावी, नावाडी, कॉफीवाले असे इस्तंबूलचे अर्धे धंदे यनी चेरींचे, किंवा धंदेवाले यनी चेरी झालेले. हजेरी-पगाराची एक चिठ्ठी असे, ‘एसामे’. ती हातात असलेल्याला दर तिमाहीला पगार. पुढे ही चिठ्ठी विकली जाऊ लागली, गहाण पडू लागली, बापाकडून पोराला मिळू लागली. विधवेकडे, अधिकाऱ्याकडे, सावकाराकडे चिठ्ठ्या साठल्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पटावर लाखाच्या वर नावं होती आणि मोहिमेला निघताना त्यातला थोडाच भाग निघे. पटावरचं नाव आणि वर्गातलं मूल या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे कुठल्याही शिक्षकाला फोड करून सांगावं लागत नाही.

या चिठ्ठीत सगळं आलं असं मला वाटतं. नवी कवायत आणायची म्हणजे आधी मोजदाद करायची. कोण खरं, कोण कागदावर. मोजदाद होणं परवडणार नव्हतं ते शिपायालाच नव्हे, चिठ्ठी बाळगणाऱ्या प्रत्येकाला, आणि त्यात दरबारातली बडी माणसंही होती. म्हणून नव्या बंदुकीला विरोध नसे. तोफांना नसे. विरोध व्हायचा तो पटपडताळणीला आणि कवायतीला, कारण कवायतीला माणूस स्वतः हजर राहावा लागतो.

हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं का? आलं होतं. सतरा वर्षांचा सुलतान उस्मान दुसरा, पोलंडविरुद्धच्या मोहिमेत यनी चेरींवर वैतागून आला होता. अनातोलिया आणि शामकडून नवी फौज उभारायची त्याच्या मनात आहे अशी कुणकुण लागली आणि मे १६२२ मध्ये यनी चेरींनी त्याला तख्तावरून ओढून मारलं. उस्मानी घराण्यात सुलतानाचा असा खून पहिल्यांदाच झाला. त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी कोची बे नावाच्या दरबाऱ्याने सुलतान मुरादला सविस्तर लिहून दिलं की पूर्वी किती शिपाई होते, आता किती, परके लोक कधी आणि कसे घुसले. रोगाचं निदान लेखी होतं. औषधही त्याने सांगितलं, पण ते होतं मागे जाण्याचं, सुलेमानच्या काळासारखं करा असं. आपल्याकडच्या भाषणांतही हेच औषध अजून खपतं.

यनी चेरींना नुसतं खलनायक ठरवणं मात्र सोपं होईल. इस्तंबूलच्या लहान दुकानदाराला, हमालाला ते आपले वाटत. महागाई झाली, नवा कर बसला, वजीर माजला, की रस्त्यावर उतरणारे तेच. त्यांच्या पलटणीचं चिन्ह होतं मोठी देग, म्हणजे डेग. अधिकाऱ्याचा हुद्दा ‘चोर्बाजी’, चोर्बा म्हणजे आपला शोरबा, थोडक्यात शोरबावाला. टोपीवर चमचा खोवलेला असे. सुलतानाचं अन्न खातो म्हणून त्याचे, ही भावना. आणि देग उलटी केली की बंड. १७३० मध्ये पत्रोना खलील नावाच्या, जुने कपडे विकणाऱ्या यनी चेरीने असंच बंड करून एक वजीर आणि एक सुलतान घालवला. आज ज्याला संसद, वर्तमानपत्र, संघटना म्हणतो त्यातलं काही नसलेल्या शहरात ही उलटलेली देग सामान्य माणसाचा आवाज होती. म्हणून सुधारणावाला सुलतान एकटा पडायचा. तो फौज सुधारायला निघे आणि गल्लीला वाटे की आपला कैवारी काढून घेताहेत. दोन्ही खरं होतं.

सतराव्या शतकापासून सगळी घसरणच, असंही झालं नाही. गाबोर आगोश्तोन या हंगेरियन इतिहासकाराने उस्मानी कागदपत्रं तपासून दाखवलं आहे की अठराव्या शतकात बरंच पुढेपर्यंत ते तोफा आणि दारू स्वतः तयार करत होते, आणि त्या काही निकृष्ट नव्हत्या. १६८३ ला व्हिएन्नाबाहेर हरले, १६९९ च्या तहात हंगेरी गेली. पण १७११ मध्ये प्रूत नदीवर त्यांनी रशियाच्या पीटरला कोंडलं आणि १७३९ ला बेलग्रेड परत घेतलं. घात केला तो, विचित्र वाटेल, पण शांततेने. १७४६ ला नादिरशहाशी तह झाल्यावर १७६८ पर्यंत मोठं युद्ध नाही. रयतेला बरे दिवस आले. त्याच वर्षांत युरोपची राज्यं एकमेकांशी दोन मोठी युद्धं लढली आणि त्यांची कवायत, रसद, कर वसुली, अधिकाऱ्यांचं शिक्षण सगळं त्या भट्टीतून निघालं. १७६८ ला रशियाशी युद्ध पेटलं तेव्हा तुर्की फौज वीस वर्षांच्या झोपेतून उठून मैदानावर गेली. १७७० मध्ये कागुल नदीकाठी कितीतरी लहान रशियन सैन्याने तिची धूळधाण केली आणि त्याच उन्हाळ्यात चेश्मेच्या खाडीत आरमार जळालं. १७७४ च्या तहाने क्रिमिया उस्मानी छायेतून सुटला, पुढे नऊ वर्षांत रशियाने गिळला. मुसलमान रयतेचा मुलूख हातचा जाण्याचा हा धक्का फार खोल होता.

मग सुलतान सलीम तिसरा आला. १७९३ पासून त्याने वेगळी फौज उभारली. तिचं नाव ‘निजाम-ए-जदीद’, आणि उर्दू वाचणाऱ्याला अर्थ सांगायला नको: नवी व्यवस्था. म्हणजे ‘नव्या फौजे’च्या शेजारी आणखी एक ‘नवी’. वेगळा खजिना, वेगळी बराक, युरोपी कवायत. १८०६ च्या अखेरीस तिच्यात २२ हजारांवर शिपाई होते. आणि १८०७ च्या मे महिन्यात बॉस्फरसच्या किल्ल्यांवरच्या मदतनीस शिपायांनी नवा गणवेश घालायला नकार देऊन बंड केलं. सलीमने ही २२ हजारांची फौज वापरलीच नाही. बंडखोरांना शांत करायला ती मोडून टाकली. शेखुल-इस्लाम अताउल्लाह एफेंदींनी त्याला हटवण्याचा फतवा दिला. वर्षभराने राजवाड्यातच त्याचा खून झाला.

स्टाफरूममधले माझे मित्र इथे टाळी वाजवतील. बघा, फतवा! थांबा जरा.

सलीमचा चुलतभाऊ महमूद दुसरा १८०८ मध्ये तख्तावर बसला आणि अठरा वर्षं थांबला. या अठरा वर्षांत त्याने उलेमांमध्ये आपल्या विचाराची माणसं वर आणली. तोफखान्याची निष्ठा पक्की केली. यनी चेरींचेच काही अधिकारी फोडले. १८२१ पासून ग्रीसमध्ये बंड चालू होतं, यनी चेरींना ते आवरेना. शेवटी इजिप्तच्या मुहम्मद अलीच्या कवायती फौजेला बोलवावं लागलं, आणि एप्रिल १८२६ मध्ये तिने मिसोलोंगी घेऊन दाखवलं. म्हणजे मुसलमान शिपाई कवायत शिकू शकतो याचा पुरावा आता सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. महिन्याभरात महमूदने हुकूम काढला: यनी चेरींच्या प्रत्येक तुकडीतून १५० माणसं नव्या कवायतीला द्यायची. शेखुल-इस्लामने फतवा दिला. उलेमांचा आधार होता ‘मुकाबला बिल-मिस्ल’, शत्रू ज्या हत्याराने येईल त्याच तऱ्हेच्या हत्याराने त्याला उत्तर द्यावं. फिकहमधलं जुनंच तत्त्व. हे तत्त्व सलीमच्या वेळीही पुस्तकात होतंच.

जूनच्या मध्यावर, कवायत सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले नाहीत तोच, मांसबाजाराच्या चौकात देगा उलट्या झाल्या. या वेळी महमूदने पैगंबरांचा पवित्र झेंडा बाहेर काढला. मदरशांचे तालिब-इल्म आणि शहरातले लोक त्या झेंड्याखाली जमले आणि तोफखान्याने बराकी फोडून पेटवल्या. हजारो मेले. त्यात आग आणि धुरात अडकलेले किती, हे वाचताना मन खट्टू होतं. दोन दिवसांत यनी चेरी हे नाव रद्द झालं. पुढच्या महिन्यात त्यांच्याशी जोडलेला बेक्ताशी सूफी सिलसिला बंद केला गेला. कबरींवरच्या दगडी टोप्यासुद्धा फोडल्या. सरकारी इतिहासात या घटनेचं नाव ‘वका-ए-खैरिया’, म्हणजे भलाईची घटना. आणि युरोपी धर्तीच्या त्या कवायती फौजेला नाव दिलं ‘असाकिर-ए-मन्सूरा-ए-मुहम्मदिया’, मुहम्मद पैगंबरांची विजयी सेना.

१८०७ चा फतवा आणि १८२६ चा फतवा, दोन्ही एकाच गादीवरून निघाले. मधे एकोणीस वर्षं. किताबं तीच, मजहब तोच, तत्त्वही तेच. बदलली ती माणसांची जुळवाजुळव, कोणाचा पगार कोणाच्या हातात, कोणाला कशाची भीती. दीन पुढे नेतो की मागे ओढतो हा प्रश्न मला त्या दिवसांत फार निरर्थक वाटायला लागला. दीनचा शब्द कोण, कधी, कोणत्या हिशेबाने उच्चारतो ते बघायला हवं, आणि हिशेब बघायचा तर वही उघडावी लागते.

सगळं मोडल्यावर लगेच विजय मिळाले असंही नाही. १८२९ मध्ये रशियन फौजा एदिर्नेपर्यंत आल्या. १८३२ मध्ये कोन्याला खुद्द मुहम्मद अलीच्या मुलाने सुलतानाची फौज झोडपली. जुनी फौज एका दिवसात जाळता येते, नवी उभी राहायला अधिकारी घडवणाऱ्या शाळा लागतात आणि त्याला एक पिढी जाते. हे मी बीएड झालेला माणूस म्हणून जरा जास्तच ठासून सांगतो, माफ करा.

नव्या शिपायाच्या डोक्यावर काय घालायचं यावरही खल झाला. पगडी कवायतीत सुटायची. शेवटी उत्तर आफ्रिकेकडची लाल गोंड्याची फेज ठरली, आणि १८२९ पासून सरकारी नोकरांनाही तीच. पगडी उलेमांपुरती राहिली. नव्वद-शंभर वर्षांत ती फेज इतकी मुरली की १९२५ ला अतातुर्कने तिच्यावर बंदी घालून हॅट आणली तेव्हा काही गावांत लोक उठले आणि काहींना फाशी झाली. हिंदुस्थानात तिला ‘तुर्की टोपी’ म्हणत. अलीगढपासून मुंबईपर्यंत शिकलेल्या मुसलमानाची ती खूण होती, आणि खिलाफतीच्या दिवसांत तर निष्ठेची. आमच्या दादांचा, म्हणजे अब्बांच्या वडिलांचा, निकाहाच्या वेळचा एक फोटो घरी आहे. शेरवानी, गळ्यात सेहऱ्याच्या लडी, डोक्यावर तुर्की टोपी. ते सांगायचे, आपल्या बुजुर्गांची पहिल्यापासूनची टोपी हीच.